सकाळची पाच मिनिटं

३ मार्च, मंगळवार

दवाखान्यात गोळी आणायला गेलो आणि वही घेऊन आलो. सातवीनंतर पहिल्यांदाच पेन एवढा वेळ हातात धरलंय. पण अक्षर बरं आहे माझं, गिचमिड असलं तरी माझं मला कळतं.

झालं असं. आम्ही बावीस जण उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो, दोराला लटकून. सध्या अठरा मजल्यांची इमारत चालू आहे. मागच्या आठवड्यात वर्षाच्या कराराच्या कागदावर सही करायची होती. साहेब टेबलापाशी बसलेले, मागे दहा जण रांगेत. पेन टेकवलं आणि हात असा थरथरला की सही कसली, शाईत पडलेली मुंगी कागदावरून घरी गेल्यासारखं दिसत होतं. साहेबांनी मामाकडे बघितलं. मामा म्हणजे आमचा मुकादम. खरा मामा कुणाचाच नाही, सगळ्यांचाच आहे. तो म्हणाला, "वाघूळ, दवाखान्यात जाऊन ये. दोरावरच्या माणसाचा हात हलून चालत नाही."

वाघूळ म्हणजे मी. लटकण्यात पटाईत म्हणून.

डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, बोटं पसरायला लावली, रक्त घेतलं. म्हणाल्या, "ठणठणीत आहेस. वर लटकलेला असताना धडधडतं का?"

मला हसूच आलं. "बाई, वर कशाला धडधडेल? वर असतंय कोण?"

 त्यांनी खणातून ही वही काढली. "चार आठवडे लिही. कधी थरथरलं, कधी धडधडलं, तेव्हा काय चाललं होतं, जवळ कोण होतं. मला दाखवायची नाही. तूच वाच."

न तपासता अभ्यास! असे मास्तर शाळेत भेटले असते तर आज मीच साहेब असतो.

४ मार्च, बुधवार

एकदा. जेवणाच्या हॉलमध्ये. मी एरवी गच्चीवर जेवतो, हवा चांगली असते. आज गच्चीला कुलूप होतं. ताट घेऊन दोन रांगांमधून जाताना वाटी कलंडली, मनगट भाजलं. ताटंच गुळगुळीत आहेत तिथली. कंपनीला कुणीतरी सांगायला हवं.

६ मार्च, शुक्रवार

मोठी बातमी. मामा पुढच्या महिन्यात कायमचा घरी चाललाय. त्याने मला पाण्याच्या टाकीमागे बोलावून घेतलं.

"दोरातलं तुझ्याइतकं इथे कुणाला कळत नाही. माझ्या जागी तू यावास असं मला वाटतं. पण साहेबांचा डोळा पोपटावर आहे. बोलतो चांगला."

पोपट माझा जोडीदार. तोंड बंद ठेवायचे त्याला वेगळे पैसे द्यावे लागतील.

"बोलायचं काय असतं मुकादमाला?" मी विचारलं.

"सकाळची पाच मिनिटं."

आमच्याकडे रोज खाली उतरण्याआधी सगळे गच्चीवर अर्धगोल उभे राहतात आणि मुकादम मधे उभा राहून बोलतो. आज वारा कसा आहे, कुणी कुठल्या बाजूला उतरायचं, काल कुणी काय चूक केली. पाच मिनिटं. मग गळ्यातली शिट्टी वाजवतो आणि सगळे उतरतात. मधेच शिट्टी वाजली तर जो जिथे असेल तिथे थांबतो.

मामा म्हणाला, "सत्तावीस तारखेला पोपट बोलेल, तीस तारखेला तू. साहेब येऊन ऐकणार आहेत. जमेल ना? नाही म्हणजे, सहा वर्षांत तुझा आवाज मी सलग कधी ऐकलेला नाही."

"करतो की. त्यात काय!" मी म्हणालो. पाच मिनिटं तर आहेत. एक काच पुसायलाही तेवढी लागतात.

जागा मलाच मिळायला हवी, हे मी छातीवर हात ठेवून लिहितो. पोपटाची गाठ आपली बरी असते, पण लक्ष सगळं गप्पांत. मी रोज सगळ्यांच्या अर्धा तास आधी गच्चीवर जातो आणि माझा दोर बांधून मोकळा होतो. कुणी शेजारी बघत उभं राहिलं की मला काम सुचत नाही. नियम असा आहे की बांधलेला दोर जोडीदाराने हात लावून तपासायचा. पोपट येतो, लांबूनच ओरडतो, "तुझं काय बघायचं, राव!" आणि कागदावर बरोबरची खूण करतो. असा विश्वास आहे माझ्या कामावर.

आज छाती धडधडली, मामा बोलत होता तेव्हा. आनंदाने.

८ मार्च, रविवार

ताईचा फोन. चेहरा बघायचाय म्हणून कॅमेरा लावायला सांगते. मी लावला आणि फोन छताकडे धरला.

"अरे बारक्या, पंखा बघायला फोन केलाय का मी? दाजी पण बसलेत इथे."

"पंखा छान आहे ना?" मी म्हणालो. दाजी हसले. विषय मिटला.

तिला मुकादमकीचं सांगितलं.  ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलायचं? तुला? सातवीत धडा वाचायला उभं केलं होतं तेव्हा..."

मी म्हणालो, शाळा मीच सोडली, मला कंटाळा आला होता.

खरं ते लिहितो, वही दाखवायची नाही म्हणून. सरांनी धडा वाचायला उभं केलं. पुस्तक हातात हलायला लागलं, पानांचा फडफड आवाज यायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वादळ आलं." सगळा वर्ग हसला, सर पण. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. तिसऱ्या दिवशी कंटाळा.

१० मार्च, मंगळवार

आज डोकं लढवलं! मामाने महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय की बारावा मजला रिकामा आहे, अजून कुणी भाड्याने घेतलेला नाही. काचा आरशाच्या. बाहेरून बघितलं तर आपणच दिसतो. म्हणजे बाराव्या मजल्याबाहेर मी, माझ्यासमोर मी, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. भाषण पाठ करायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

तीन मुद्दे काढलेत. वारा, गाठ आणि उशी. कठड्यावर जिथे दोर वाकतो तिथे त्याच्याखाली जाड कापडाची एक नळी घालतात. कठड्याच्या धारेने दोर घासू नये म्हणून. तिला आम्ही उशी म्हणतो.

बाराव्यावर थांबलो, पुसणी कमरेला अडकवली आणि म्हणालो, "मित्रांनो!" आवाज खणखणीत. हात दगडासारखा. पहिला मुद्दा एका दमात. आरशातल्या माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच.

११ मार्च, बुधवार

आज काचांची शेजारची उभी पट्टी. बाराव्यावर हातवाऱ्यांसकट बोललो. पोपट बोलताना हात खिशात घालतो, मी मोकळे ठेवणार. "उशी नुसती ठेवू नका, बांधा!" असं म्हणताना उजवा हात वरून खाली. हात जोरात आला की दोर झोक्यासारखा डावी-उजवीकडे डोलतो. मजा येते.

काचेला नाक लावलं तर आत एक कुंडी दिसली. रंगारी विसरले असतील.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी दोराचं सगळं दोन मिनिटांत आटपलं. एरवी दहा लागतात. डोक्यात भाषण घोळत होतं, कधी एकदा बाराव्यावर पोचतो असं झालं होतं. आज सलग पाच मिनिटं, एकदाही अडखळलो नाही. शेवटी आरशाला नमस्कार केला.

कुंडीशेजारी खुर्च्या आल्यात. रंगाऱ्यांची चैन आहे.

१६ मार्च, सोमवार

एकदा. मामा सकाळी बोलता बोलता मधेच थांबला आणि मला म्हणाला, "वाघूळ, वारा किती आहे ते तू सांग बघू." एकच आकडा. वाऱ्याचं यंत्र माझ्याच हातात होतं. एकवीस टाळकी माझ्याकडे वळली.

मला खोकला आला. चांगलाच आला, थांबेचना. पोपटाने यंत्र घेऊन आकडा वाचला आणि वर म्हणाला, "वाऱ्याला सर्दी झाली वाटतं." सगळे हसले.

हवा बदलतेय, घसा धरलाय. मिठाच्या गुळण्या केल्या.

१८ मार्च, बुधवार

बाराव्यावर तिन्ही मुद्दे दोनदा. आज तर मी साहेबांनाही घेतलं. म्हणजे आरशालाच साहेब समजून म्हणालो, "साहेब, तुम्हीही ऐका!" आणि बोट दाखवलं. अंगावर काटा आला माझ्याच.

आतून काहीतरी हललं असं वाटलं. ढगाची सावली.

१९ मार्च, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

दुपारी मामाने खाली बोलावलं. सोबत इमारतीचा सुरक्षावाला. मामा म्हणाला, "बाराव्या मजल्यावरून फोन आला होता. म्हणे आठ दिवस झाले, तुमचा एक माणूस काचेबाहेर थांबतो, ओरडतो, हात फेकतो, बोट दाखवतो. त्याला काही मदत हवी आहे का?"

"बारावा रिकामा आहे," मी म्हणालो.

"सहा तारखेलाच लोक आलेत तिथे," सुरक्षावाला म्हणाला.

सहा तारखेला. मी सुरू केलं दहाला.

"काय करत होतास रे?" मामाने विचारलं. मी म्हणालो, माश्या हाकलत होतो. बाराव्या मजल्यावर माश्या. मामा पाठ फिरवून जिन्याकडे गेला. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुरा एक मजला. चाळीस माणसं तरी असतील. रोज बरोबर त्या वेळेला खुर्च्या लावून बसत असतील. मी नमस्कार केला होता. बोट दाखवलं होतं. "मित्रांनो" म्हणालो होतो.

२० मार्च, शुक्रवार

पोट बिघडलंय असं सांगून तळघरात बादल्या धुतल्या. तळघर छान आहे. कुणी नसतं.

मामाला सांगून टाकणार आहे. पोपटालाच करा मुकादम. मला कुठे एवढी हौस आहे?

२१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

तळमजल्याच्या नळावर बादली भरत होतो. लिफ्टमधून एक बाई उतरली. माझ्या डोक्यावर पिवळी पट्टी मारलेलं माझं नेहमीचं हेल्मेट होतं. ती थेट माझ्याकडेच आली.

"बाराव्या मजल्यावरचे ते तुम्हीच ना?"

पळायला जागा नव्हती, मागे नळ. मी म्हणालो, "हो. चुकलं."

"अहो, चुकलं माझंच! मीच फोन केला होता. मला वाटलं तुमचा दोर अडकलाय आणि तुम्ही हाका मारताय. फोन ठेवला आणि मग अशी लाज वाटली... म्हटलं, हे लोक म्हणतील किती घाबरट बाई आहे. दोन दिवस मी जिन्याने ये-जा केली, सुरक्षावाल्याला तोंड दाखवायला नको म्हणून."

बारा मजले जिन्याने! मी तळघरात आणि ही जिन्यात.

"तुम्ही सगळे बघायचात?" मी विचारलं.

"सगळे कसले? चौघं आहोत आम्ही. एकजण म्हणायचा गाणं म्हणतोय, एक म्हणायची बायकोशी भांडण चाललंय. काच जाड आहे हो, ऐकू काही येत नाही."

मग मी विचारू नये ते विचारलं. "माझे हात थरथरताना दिसायचे का?"

"हात?" ती म्हणाली. "हातांकडे कोण बघतंय? आम्हाला तुमच्या पायांखालचे बारा मजले दिसायचे. तो दोर असा डोलायचा की मीच काचेपासून लांब जायचे. खरं म्हणजे करत काय होतात?"

"भाषण. उशीवर."

"उशी म्हणजे?"

आता एवढं विचारल्यावर सांगायला नको? तिला दोर कसा वाकतो ते बादलीच्या दोरीने दाखवलं. कठड्याला धार असते, दोर दिसायला अख्खा असतो पण आतून धागा धागा तुटत जातो. सुरक्षावाला पण आला, सामान घेऊन आलेले दोघं थांबले, त्यातल्या एकाने विचारलं की दोन दोर असतात ना मग भीती कसली, त्यालाही समजावलं. बादली भरून वाहायला लागली. वर गेलो तेव्हा वीस मिनिटं उशीर, आणि मामाने परवाच्या बाकी राहिलेल्या शिव्या आज दिल्या.

आज थरथरण्याची नोंद नाही. गडबडीत लक्षच गेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

पोपट बोलला. खिशात हात घालून, ऐटीत. साहेब दोनदा हसले. वाऱ्यावर बोलला, सुट्टीवर बोलला, साहेबांच्या नव्या बुटांवर बोलला. उशीचं नाव नाही. दोरावर मी पण आहे, आणि हा माझा मुकादम होणार.

मामाला सांगायचं होतं ते सांगितलं नाही. तीस तारीख माझीच.

२९ मार्च, रविवार

वही पहिल्यापासून वाचली. इथे लिहिलेलं आणि न लिहिलेलं धरून अकरा वेळा. सही, ताट, आकडा, मामाचं बोलावणं. दोरावर एकदाही नाही. म्हणजे दोष जमिनीत आहे.

खोटं कशाला लिहू? जमिनीत नाही. माणसं बघतात तेव्हा होतं. रिकाम्या मजल्यासमोर माझ्याएवढा शूर कुणी नाही आणि एका वाटीने मला घाम फुटतो. वर धडधडत नाही, कारण वर कुणी नसतं, हे मी पहिल्याच दिवशी बाईंना सांगून बसलोय. त्या वही द्यायच्या आधीच समजल्या होत्या. चार आठवडे मला कामाला लावलं.

ताई म्हणाली, बोलताना हातात काहीतरी धर. उद्या दोरच धरतो. माझा स्वतःचा. बोलता बोलता हातातून सरकवत दाखवेन.

३० मार्च, सोमवार

सगळे अर्धगोलात. साहेब मधे. मामाने मला पुढे केलं.  आरशासमोर पाठ केलेलं सगळं, "मित्रांनो"पासून नमस्कारापर्यंत, कुणीतरी पुसणीने पुसून घेतल्यासारखं साफ. दोर हातात होता म्हणून दोर सरकवायला लागलो. तोंडातून फक्त "हा दोर" एवढंच निघालं. कुणीतरी खाकरलं.

सरकवता सरकवता बोटांना मऊ लागलं. दोर मऊ लागत नाही कधी. खाली बघितलं. वरचं वेष्टण फाटून आतले पांढरे धागे पिंजलेल्या कापसासारखे बाहेर आलेले. हूकपासून तीन हात. कठड्यावर जिथे वाकतो, बरोबर तिथे.

एका क्षणात सगळं कळलं. दहा तारखेपासूनची घाई. उशी नुसती सरकवली, बांधली नाही. बाराव्यावर हात फेकून भाषण केलं, दोर डोलला, उशी बाजूला सरकली, कठडा दोर खात बसला. मी खाली ओरडत होतो, उशी बांधा, उशी बांधा. आणि ती बाई. माझा जीव धोक्यात आहे हे एवढ्या माणसांत तिला एकटीलाच दिसलं होतं.

माझी मूठ त्या जागेवर होती. कुणालाही दिसलेलं नव्हतं. नुसतं पुढे सरकवलं असतं, संध्याकाळी गुपचूप दुसरा दोर काढला असता, तर कधीच कुणाला कळलं नसतं. साहेब समोर. जागा समोर. हे सगळं मी मूठ न उघडता उभ्या उभ्या मोजलं. ते खोटं लिहिणार नाही.

मग मूठ उघडली.

"हा दोर माझा आहे," मी म्हणालो. आवाज फाटला. "हे बघा."

सगळे पुढे सरकले. मामाने हातात घेऊन बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तीन आठवडे मी उशी बांधली नाही. पोपटाने तपासलं नाही, कारण मी तपासू देत नाही. सगळ्यांच्या आधी येऊन बांधतो. का, तर कुणी बघत असलं की माझा हात थरथरतो. हा बघा." हात पुढे केला. पानासारखा हलत होता. "लहानपणापासून आहे. लोक हसतील म्हणून लपवतो. लपवता लपवता आज इथून खाली गेलो असतो."

कुणी हसलं नाही. 

मग मागून पोपट म्हणाला, "दुसरा दोर होता ना?"

"त्याच कठड्यावरून जातो," मी म्हणालो. "आण, तो पण बघू."

आणला. तोही घासलेला, जरा कमी. मग मी कठडा दाखवला, धार कुठे आहे ती दाखवली, उशी कशी सरकते ते दाखवलं. दोघांनी प्रश्न विचारले, एकजण धावत जाऊन आपला दोर बघून आला. मामाने घड्याळ पुढे केलं तेव्हा कळलं, पाच नव्हे, वीस मिनिटं झाली होती.

खराब दोराचे तुकडे करायचे असतात, चुकूनसुद्धा कुणी परत वापरू नये म्हणून. मामाने सुरी दिली. सगळ्यांसमोर मी कापला. हात हलत होता, तुकडे वाकडेतिकडे झाले. तुकड्यांना काय फरक पडतो?

साहेब म्हणाले, "तीन आठवडे न बघता खूण?" आम्ही दोघंही मान खाली घालून. "दोघांनाही एक आठवडा दोर बंद. खाली राहून काम करा. मग मुकादम कोण ते मामा, तुम्ही ठरवा."

३१ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंकडे गेलो. चार आठवडे झाले. म्हणालो, "थरथर गेली नाही."

"मी कुठे जाईल म्हणाले होते?"

"मग फायदा काय?"

"काल थरथरत असताना काय काय केलंस ते सांग."

मी बोटांवर मोजायला लागलो. बोलणं, दाखवणं, कापणं. मधेच त्यांनी एक कागद पुढे केला. फिट असल्याचा, सहीसाठी. माझं बोलणं चालूच होतं, सही करून टाकली. मुंगी या वेळी जरा सरळ चालली.

२ एप्रिल, गुरुवार

मी आणि पोपट खाली, दिवसभर बादल्या. मला वाटलं, चिडला असेल. त्याने उलट विचारलं, "लहानपणापासून थरथरतो?"

"हो."

"आणि मला सहा वर्षं वाटत होतं तुला गर्व आहे. गच्चीवर एकटा जेवतो, कुणाशी बोलत नाही. म्हटलं, आम्ही काय याच्या पंगतीचे नाही का?"

मी बादली खाली ठेवली. मला गर्व!

"सगळ्यांना वाटायचं," तो म्हणाला. मग खिशातून हात काढून माझ्यापुढे धरले. तळवे घामाने ओले. "मी का बडबडतो असं वाटतं तुला? थांबलो तर लोक माझ्याकडे बघतील म्हणून. त्या दिवशी साहेबांच्या बुटांवर बोललो ते माझं मलाच घरी गेल्यावर आठवून मेल्यासारखं झालं."

दोघं हसलो. मग वर बघितलं. आपली माणसं सतराव्यावर लटकली होती. खालून माणूस नखाएवढा दिसतो. हात तर दिसतच नाहीत.

जेवायला हॉलमध्ये गेलो, पोपटाबरोबर. थोडं सांडलं. त्याच्या ताटात.

७ एप्रिल, मंगळवार

मामाचा शेवटचा दिवस. सकाळी सगळे अर्धगोलात उभे राहिले आणि त्याने गळ्यातली शिट्टी काढली. पोपट म्हणाला, "मामा, माझ्या गळ्यात घालू नका, मी दिवसभर वाजवत बसेन." मामाने ती माझ्या गळ्यात घातली. घामट होती, मामाच्याच घामाने.

"बोल," तो म्हणाला आणि मागे जाऊन रांगेत उभा राहिला, आमच्यातला एक होऊन.

समोर एकवीस जण.  मी नवा दोर घेतला.

"आज मी आधी येऊन बांधलेला नाही," मी म्हणालो. "आता बांधणार आहे. सगळ्यांनी बघायचं. पोपट, तू अगदी जवळ ये. हात लावल्याशिवाय खूण केलीस तर शिट्टी वाजवीन."

बांधताना बोटं हलत होती. एकदा टोक निसटलं. कुणीतरी म्हणालं, "सावकाश." मागच्या बाकावरून आल्यासारखा आवाज, पण शब्द वेगळा. परत घेतलं, वळवलं, ओढलं, उशी सरकवली, तिची दोरी दोन वेढ्यांनी बांधली. पोपटाने गाठ हातात धरून दोनदा हिसका दिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मग मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांत आधी कठड्यावरून उतरलो. बाराव्यावर थांबलो, काच पुसली आणि आत कुणी आहे का ते न बघता हात हलवला.